तेरेखोलपलीकडचे पंतोजी : पोर्तुगीज गोमंतकातील मराठी शाळा आणि दक्षिण कोकणातील शिक्षक

१. विषयाची मर्यादा

तेरेखोल नदी सह्याद्रीतून निघून पश्चिमेस समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर सावंतवाडीकडील आरोंदा हे गाव आहे आणि दक्षिण तीरावर पेडणे महालातील किरणपाणी. ह्या दोहोंमधील तरीचा प्रवास अगदी थोड्या वेळाचा. तथापि १९६१ पूर्वी ह्या तरीत पाऊल ठेवणारा मनुष्य एका राज्यसत्तेच्या हद्दीतून दुसऱ्या राज्यसत्तेच्या हद्दीत जात असे. पलीकडे कायदा निराळा, दरबारची भाषा निराळी, नाणे निराळे आणि शिपायाचा गणवेषही निराळा. नदीच्या दोन्ही काठांवरील माड, भाताचे मळे आणि देवळांपुढील दीपमाळा मात्र एकाच वळणाच्या होत्या.

मालवण, वेंगुर्ले, कुडाळ व सावंतवाडी ह्या टापूतून, म्हणजे १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन जो सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला त्या प्रदेशातून, गोमंतकात जाऊन राहणाऱ्या लोकांत शिक्षकांचा एक वर्ग होता. त्यांस कोणत्याही सरकारने नेमून पाठविले नव्हते. एखाद्या गावचे देवस्थान, एखादे सधन घराणे किंवा पुढील काळात एखादी शिक्षणसंस्था यांच्या बोलावण्यावरून ते आपखुशीने गेले. त्यांच्या कामास नोकरी म्हणावे, तर तीत सेवापुस्तक नव्हते आणि निवृत्तिवेतनही नव्हते. सेवा म्हणावी, तर तीवर त्यांचे पोट चालत होते. नोकरी आणि सेवा ह्यांच्या दरम्यानच्या ह्या अवस्थेत, परक्या राज्यात, ह्या माणसांनी आपला रोजचा दिवस कसा बसविला आणि त्या बसविण्याचा गोमंतकातील मराठी शिक्षणावर काय परिणाम झाला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

दक्षिण कोकणातील शिक्षक गोमंतकात टिकून राहिला, कारण तो तेथे अर्धाच परका होता. देव, अन्न व बोली ह्या तीन बाबतींत तो जवळचा होता. कायदा, दरबार व सनद ह्या तीन बाबतींत परका होता. ह्या अर्धेपणाने शाळेस स्थैर्य दिले. पुढे भाषेच्या वादात त्याच अर्धेपणामुळे त्याची जागा अवघड झाली.

२. सीमेचे स्वरूप

गोमंतकाची पोर्तुगीज सत्ता एका वेळी पसरलेली नाही. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. ह्या जुन्या काबिजादींत धर्मांतर झाले, देवळे पडली, आणि १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर याने देशभाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज भाषा स्वीकारावी असा हुकूम काढला. डिचोली, सत्तरी, फोंडे, पेडणे इत्यादी महाल मात्र नव्या काबिजादी होत. ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती आले. तोपर्यंत धर्मवेडाचा पहिला जोर ओसरला होता आणि तेथील रहिवाशांचे धर्माचार व रूढी चालू ठेवण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले होते. गोमंतकातील मराठी शाळांचा विस्तार प्रामुख्याने ह्याच नव्या काबिजादींत का दिसतो, ह्याचे उत्तर ह्या भेदात आहे.

पेडणे महाल तर १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता. नदीच्या उत्तर तीरावरील तेरेखोलचा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी सावंतांकडून घेतला आणि तो अखेरपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. नकाशावरील रेघ अशी नदीलाही धरून नव्हती. ह्या रेघेने जमीनजुमला, सोयरीक आणि देवस्थानांचे मानपान मधोमध कापले. पण ते संबंध तुटले नाहीत. सोळाव्या शतकात जुन्या काबिजादींतून हलविलेली दैवते नव्या काबिजादींच्या प्रदेशात स्थिरावली होती. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, तो ह्याच स्थलांतरात. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील अनेक सारस्वत कुटुंबांची कुलदैवते मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथे असून कुळाचाराच्या निमित्ताने त्यांचे तेथे जाणेयेणे होते. त्या कुटुंबांतील मनुष्य शिक्षक म्हणून गोमंतकात जाण्यापूर्वीच कुळावी म्हणून तेथे जाऊन आलेला असे. देवळाची अग्रशाळा त्याला परकी नव्हती.

राज्यव्यवस्था मात्र गुंतागुंतीची होती. मालवण, वेंगुर्ले व देवगड हा मुलूख ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यातला, तर सावंतवाडी व कुडाळ हे १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सावंतवाडी संस्थानातले. मालवणहून निघून सावंतवाडीवरून पेडण्यास पोचणारा शिक्षक दोन-तीन दिवसांत तीन सत्तांच्या हद्दी ओलांडी. १९४७ पूर्वी ही ये-जा बरीचशी मोकळी होती. जकातीच्या नाक्यावर, म्हणजे गोमंतकी बोलीतील ‘आल्फांदी’त, सामानाची झडती होई, एवढाच काय तो अडसर.

३. शाळेच्या दोन अवस्था

गोमंतकातील खाजगी मराठी शाळेच्या इतिहासात दोन अवस्था स्पष्टपणे वेगळ्या करता येतात. त्यांची सीमारेषा १९१० हे वर्ष होय.

पहिल्या अवस्थेतील शाळा म्हणजे एक माणूस. गोमंतकात त्यास ‘शेणैमाम’ म्हणत. ‘शेणै’ हा सारस्वतांचा उपनामवाचक शब्द व ‘माम’ म्हणजे मामा. शिक्षकाला नात्याने हाक मारण्याची ही रीत पुष्कळ काही सांगून जाते. देवळाचा सभामंडप किंवा भाटकाराच्या घराची पडवी हीच त्याची शाळा. धुळपाटीवर मुळाक्षरे, मग बाराखडी, मोडीचे वळण, पावकी-निमकी-औटकीचे पाढे, उजळणी, खताचा व पत्राचा मायना, आणि जरा मोठ्या मुलांकडून हरिविजय किंवा पांडवप्रताप यांचे वाचन असा हा अभ्यासक्रम होता. मुलाला कुळांचा हिशेब ठेवता यावा, पत्र वाचता यावे आणि श्रावणात पोथी लावता यावी, एवढीच पालकांची अपेक्षा असे. ह्या अवस्थेत शाळेचे दार सर्वांस सारखे उघडे नव्हते. ज्याच्या पडवीत शाळा भरे त्याच्या ज्ञातीची आणि त्याच्या बरोबरीच्या घरांची मुलेच तेथे बसत. कुळे व मजूर यांची मुले ओसरीबाहेर राहत, ही गोष्ट ह्या शाळेचे गुणगान करताना विसरता येत नाही.

५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालात राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. राजसत्तेच्या काळी कॅथलिक धर्म हा राज्याचा धर्म होता. १९११ मध्ये राज्य व धर्मपीठ यांची फारकत झाली आणि हिंदूंना नागरिकत्वाचे समान स्थान मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या उत्साहातून संस्था उभ्या राहिल्या. फोंड्यास १९११ मध्ये गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले व त्याने आल्मेदा विद्यालय चालविले. दादा वैद्यांसारखे लोकाग्रणी ह्या चळवळीमागे होते. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेचे नावच तिच्या उभारणीची रीत सांगते. घरोघरी रोजच्या तांदळांतून मूठभर तांदूळ बाजूस काढावयाचे आणि त्या मुठींतून शाळा चालवावयाची. सरकारी अनुदानाची आशा नसताना शाळेला सतत पुरणारे द्रव्य कोठून आणावे, ह्या प्रश्नाचे हे अत्यंत व्यवहारी उत्तर होते.

ह्या दुसऱ्या अवस्थेत शिक्षकाकडून अपेक्षा बदलल्या. मुंबई इलाख्यातील क्रमिक पुस्तके, इयत्तांची विभागणी, नकाशे आणि पुढे मुंबईच्या मॅट्रिकपर्यंतची शिडी असा हा क्रम होता. त्यासाठी व्हर्नाक्युलर फायनल झालेला किंवा थोडेफार इंग्रजी शिकलेला मनुष्य लागे. गोमंतकात अशी माणसे तयार करणारी यंत्रणा नव्हती, कारण तेथील सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेतून ‘प्रिमेरू ग्राव’, ‘सेगुंदू ग्राव’ व पणजीचा लिसेव ह्या क्रमाने चाले. शिक्षक उत्तरेकडून आणणे भाग होते, आणि उत्तरेस सर्वांत जवळचा मराठी मुलूख म्हणजे सावंतवाडी व मालवणचा.

रत्नागिरी जिल्ह्यातील माणूस सामान्यतः मुंबईकडे जाई. गिरणी, पलटण, पोलीस, गोदी ही त्याची ठिकाणे होती. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत आगबोट लागे. ती उत्तरेस मुंबईला आणि दक्षिणेस पणजीला जाई. बहुतेकांनी उत्तरेची बोट धरली. शिकलेल्या काही थोड्यांनी दक्षिणेची धरली. मुंबईत पैसा अधिक होता, पण तेथे तो शेकडोंपैकी एक असे. गोमंतकातील खेड्यात पैसा नव्हता; तेथे तो गावचा मास्तर असे.

४. दिवसाची मांडणी

परमुलखात आलेल्या शिक्षकाचा पहिला प्रश्न राहण्याचा. त्याची सोडवणूक बहुधा देवस्थानाकडून होई. मोठ्या देवळांभोवती यात्रेकरूंसाठी अग्रशाळा असतात. त्यांतील एखादी खोली, किंवा शाळा जेथे भरे त्या घराचीच एखादी बाजूची खोली मास्तरास मिळे. ह्या सोयीची एक किंमत होती. खाजगी आणि सार्वजनिक असा भेद त्याच्या आयुष्यात उरत नसे. देवळात राहणाऱ्याने देवळाच्या वेळा पाळावयाच्या. पडवीत राहणाऱ्याने यजमानाच्या. मास्तर कधी उठतो, कोणाकडे बसतो, कोणते वृत्तपत्र वाचतो, हे गावास ठाऊक असे.

दुसरा प्रश्न अन्नाचा. येथे दक्षिण कोकणातील माणसास फारसे शिकावे लागले नाही. उकड्या तांदळाची पेज, नारळाचे वाटप, सोलांची कढी, पावसाळ्यातील सुके बांगडे व खारे मासे हे सर्व त्याच्या घरचेच होते. पुण्याहून किंवा घाटावरून आलेल्या माणसास जे जेवण महिनोन्महिने सोसत नसे, ते मालवणच्या माणसास आपल्या आईच्या हातचे वाटे. अडचण ज्ञातीची होती. मास्तर मत्स्याहारी ज्ञातीचा असला तर सारस्वत घरी पान मांडले जाई. नसला तर त्याला स्वतः चूल मांडावी लागे, आणि मग वेतनाऐवजी किंवा वेतनाबरोबर तांदूळ, नारळ, सरपण असा शिधा मिळे. काही गावी वार लावून जेवण्याची रीत होती: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ह्या रीतीने मास्तर गावातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचला. कोणत्या घरी सकाळची पेज पातळ झाली आहे, कोणाचा मुलगा मळ्यावर राबतो म्हणून शाळा चुकवितो, हे त्याला हजेरीपटाआधी कळे.

तिसरा प्रश्न पैशाचा. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोमंतकातील ‘रुपिया’ ब्रिटिश रुपयाच्या बरोबरीची झाली होती. रुपयाचे सोळा आणे, तर रुपियाचे सोळा टंगे. त्यामुळे हिशेब शिकणे अवघड नव्हते. शाळेत मात्र शिक्षकाला दुहेरी काम पडे. मुंबईच्या अंकगणिताच्या पुस्तकात आणे-पै असत आणि मुलाच्या मुठीत टंगा असे. धान्याच्या मापांचीही हीच गोष्ट. मुलाच्या घरी कुडव आणि खंडी चाले, तेव्हा पुस्तकातील उदाहरण गावच्या मापात बसवून दिल्यावाचून गणित समजत नसे. परक्या मुलखातील शिक्षकास पाठ्यपुस्तक रोज नव्याने बेतावे लागते, ह्याचे हे साधे उदाहरण.

चौथी गोष्ट कालगणनेची. वर्ष दोन टोकांवर बांधलेले असे. चतुर्थीस गावी जावयाचे आणि मे महिन्यात गावी जावयाचे. मधल्या काळात पत्र हाच आधार. पावसाळ्यात आगबोटी बंद पडत, खाडीस पूर येई, तर चालेलच असा भरवसा नसे. जूनमध्ये गेलेला मास्तर चतुर्थीपर्यंत बहुधा गावास दुरावलेलाच असे. त्याचे कुटुंब सामान्यतः मागे, घर व शेत सांभाळण्यास राहिलेले असे. त्यामुळे ह्या इतिहासात मास्तराइतकाच मोठा वाटा त्याच्या मागे राहिलेल्या बायकोचा आहे. कुळाचार, लावणी, म्हाताऱ्यांचे दुखणे आणि मुलांचे शिक्षण ही सर्व जबाबदारी तिच्यावर पडे. दुसऱ्याच्या मुलांस शिकविणाऱ्याची स्वतःची मुले पुष्कळदा दुसऱ्याच्या हाताखाली शिकली.

शाळेबाहेरचे काम शाळेतील कामापेक्षा कमी नसे. आलेली पत्रे वाचून दाखविणे, मुंबईस असलेल्या मुलाला उत्तर लिहिणे, कुळाचा हिशेब तपासणे, श्रावणात पोथी लावणे, आणि जत्रेच्या आधी गावच्या मुलांचे नाटक बसविणे. गोमंतकाच्या देवळांतून होणारी उत्सवी नाटके मराठीतून होत आणि त्यांत शुद्ध उच्चार शिकविणारा मनुष्य म्हणून मास्तरास मान असे. सावंतवाडीकडून आलेल्यास दशावतारी खेळ ठाऊक होते. पेडण्यातही तेच खेळ होत. जत्रेच्या रात्री तो खऱ्या अर्थाने परका राहत नसे.

५. बोली आणि भाषा

ह्या शिक्षकाचे सर्वांत महत्त्वाचे साधन त्याची बोली होती, आणि तीच त्याने शाळेत कधी उघडपणे वापरली नाही.

मालवणी माणूस ‘मला’ ह्या अर्थी ‘माका’ म्हणतो. गोमंतकी मूल ‘म्हाका’ म्हणते. दोघेही ‘तुका’ म्हणतात, दोघेही ‘कोठे’ऐवजी ‘खंय’ विचारतात. पुस्तकात मात्र ‘मला’, ‘तुला’ आणि ‘कोठे’. म्हणजे शाळेच्या उंबरठ्यावर मूल आणि मास्तर दोघेही आपापली घरची बोली उतरवून ठेवीत आणि तिसरी एक भाषा उचलीत. फरक एवढाच की, मास्तराने तो उंबरठा लहानपणी एकदा ओलांडलेला होता. मूल कोठे अडखळेल, हे त्यास स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक असे. ‘हांव’ म्हणणाऱ्या मुलास ‘मी’ म्हणावयास शिकविताना, पुण्याच्या शिक्षकास जे केवळ चुकीचे वाटले असते, ते त्याला शेजारचे वाटे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही ही शेजारभूमी लक्षणीय आहे. ग्रिअर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात कोकणीचा समावेश मराठीच्या विवेचनात केला. सु. मं. कत्रे यांनी १९४२ मध्ये कोकणीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत १९६५ मध्ये कुडाळी बोलीचे वर्णन दिले. एकाच किनाऱ्यावरील बोलींकडे विद्वानांनी निरनिराळ्या बाजूंनी पाहिले, ह्यावरून ह्या बोलींत एकीकडून दुसरीकडे जाताना पायरी कोठे लागते हे सांगणे किती कठीण आहे, हे ध्यानात येते. शिक्षक ह्या पायऱ्यांवरूनच चालत होता. पेडण्यात त्याला आपली बोली थोडी वळवावी लागे, फोंड्यास अधिक, आणि साष्टीत पोचेपर्यंत तिचे उच्चार, शब्द व हेल इतके बदललेले असत की, तेथे तो उघडच परका ठरे.

रोजच्या व्यवहारासाठी त्याला पोर्तुगीज शब्दांचीही एक छोटी पोतडी जमवावी लागे. खिडकीला ‘जनेल’, खुर्चीला ‘कदेल’, गावच्या अधिकाऱ्याला ‘रेजिदोर’, शाळेला ‘इश्कोल’. हे शब्द त्याने पुस्तकातून नव्हे, तर मुलांकडून शिकले. मुलांनी मास्तरास शिकवावे असा हा एकच विषय होता.

ह्या संदर्भात सीमेच्या अलीकडील एक उदाहरण तुलनेसाठी घेण्यासारखे आहे. वि. स. खांडेकर हे मूळचे सांगलीचे. १९२० मध्ये ते शिरोड्याच्या इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. शिरोडे गोमंतकाच्या हद्दीला लागून आहे. खांडेकरांनी राज्याची सीमा ओलांडली नव्हती, परंतु सांगलीच्या माणसास शिरोड्याची बोली, पाऊस, आजार आणि दारिद्र्य हे सर्व नवे होते. ‘कांचनमृग’ व ‘उल्का’ ह्या त्यांच्या कादंबऱ्या त्या वास्तव्याच्या काळातल्या. कायद्याने स्वदेशी असलेला मनुष्य बोलीने परका असू शकतो आणि कायद्याने परका असलेला बोलीने घरचा असू शकतो, हे शिरोडे आणि पेडणे ह्या जवळजवळच्या दोन ठिकाणांवरून दिसते.

६. सत्तेची छाया

मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या मुलास गोमंतकात सरकारी नोकरी नव्हती. दरबारची भाषा पोर्तुगीज होती. त्यामुळे सधन पालक बहुधा मुलाला दोन्हीकडे घालीत. सकाळी पोर्तुगीज, दुपारी मराठी, किंवा उलट. पुढे शिकावयाचे तर बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई. मराठी मास्तर म्हणजे मुलास मुलखाबाहेर जाण्याचे दार दाखविणारा, अशी त्याची एक ओळख झाली. ती पालकांस हवीशी होती. राज्यकर्त्यांस ती तितकी आवडण्याजोगी नव्हती.

१९३० च्या वसाहतविषयक कायद्यानंतर आणि सालाझारच्या राजवटीत लेखन, सभा व संस्था यांवरील नियंत्रण वाढले. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावास सभाबंदी मोडली आणि स्वातंत्र्यलढा उघड्यावर आला. मराठी वृत्तपत्रे व पुस्तके सीमेपलीकडून येत आणि मास्तर तर स्वतःच सीमेपलीकडून आलेला. त्याची स्थिती नाजूक झाली. त्याला बोलावणारे गावकरी ह्या बाबतीत सर्व एकमताचे नव्हते. काहींना लढा हवा होता, काहींना शाळा चालू राहावयास हवी होती. मास्तराने काही बोलावे तरी धोका, न बोलावे तरी ठपका.

१५ ऑगस्ट १९५४ रोजी तेरेखोलच्या किल्ल्यावर सत्याग्रह्यांनी तिरंगा फडकविला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह अनेक ठिकाणी सत्याग्रही हद्दीत शिरले आणि त्यांच्यावर गोळीबार होऊन अनेक जण मृत्यू पावले. त्यानंतर भारत सरकारने संबंध तोडले, रेल्वेची वाहतूक थांबली, व्यापार बंद झाला आणि येण्याजाण्यास परवाना लागू लागला. सावंतवाडी, बांदे, वेंगुर्ले ही गावे गोमंतकातून आलेल्या कार्यकर्त्यांची आश्रयस्थाने झाली.

जी सीमा आजवर जकातीच्या नाक्यापुरती होती, ती आता खरीखुरी झाली. गोमंतकात असलेल्या दक्षिण कोकणातील शिक्षकापुढे दोनच मार्ग होते. परतावे, तर गावची शाळा बंद पडे, कारण दुसरा मनुष्य सीमेपलीकडून आणणे आता शक्य नव्हते. राहावे, तर चतुर्थीचे घर, मे महिन्याची सुट्टी आणि आजाऱ्याची भेट ही सर्व परवान्याच्या कागदावर अवलंबून राहत. तरीने काही क्षणांत ओलांडावयाचे पाणी दुस्तर झाले. १९५९ पासून रुपियाही जाऊन एस्कुद हे चलन आले आणि पैशाच्या हिशेबातील जुने साम्यही संपले. जवळ असण्यामुळे जी गोष्ट सुसह्य होती, ती जवळ असण्यामुळेच अधिक जाचक झाली. दूरदेशी गेलेल्यास घर दिसत नाही. पेडण्यातील मास्तरास पैलतीरावरचे माड दिसत होते.

७. मुक्तीनंतरचा प्रश्न

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोमंतक मुक्त झाला. त्या दिवशी ह्या शिक्षकाचे कायद्यातील परकेपण संपले. डिसेंबर १९६३ मध्ये दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ आले, आणि खेडोपाडी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. जुन्या शाळेच्या ओसरीबाहेर राहिलेल्या वर्गाची मुले आता मोठ्या संख्येने शाळेत आली. मुठीमुठीने जे काम चालले होते ते सरकारी खजिन्यातून होऊ लागले. शाळा सर्वांसाठी असावी ही गोष्ट मास्तराने एकट्याने साधली नव्हती, आणि पडवीतल्या शाळेला ती साधणेही शक्य नव्हते. परंतु ह्या विस्तारासाठी जी मराठी वाचणारी पिढी तयार असावी लागते, ती त्या पडवीतूनच आली होती.

ह्याच सुमारास मास्तराकडे पाहण्याची नजर बदलली. गोमंतकाचे महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावे की तो वेगळा राहावा, ह्या वादात मराठी शाळा व तिचा शिक्षक हे पुराव्याचे विषय झाले. विलीनीकरणवाद्यांनी म्हटले, पिढ्यान्‌पिढ्या ह्या भूमीने मराठीतून शिक्षण घेतले, तेव्हा हीच तिची भाषा. विरुद्ध पक्षाने म्हटले, ही भाषा बाहेरून आलेल्या शिक्षकांनी व पुस्तकांनी आणली. घरची भाषा कोकणी. वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर यांनी हा दुसरा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच जोराने मांडला होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मते केंद्रशासित प्रदेश राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीस स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली. मराठीच्या सरकारी वापराचीही तरतूद त्याच कायद्यात राहिली.

ह्या वादात दोन्ही पक्षांनी शिक्षकाचे अर्धेच चित्र पाहिले असे म्हणावे लागते. तो केवळ बाहेरचा नव्हता. त्याचे कुलदैवत तेथे होते आणि त्याची बोली मुलाच्या बोलीची सख्खी शेजारीण होती. आणि तो केवळ घरचाही नव्हता. त्याने शिकविलेली भाषा मुलाच्या घरची नव्हती, त्याच्या स्वतःच्या घरचीही नव्हती. पुस्तकाच्या मराठीला त्याने प्रतिष्ठा दिली आणि ती देताना मुलाची ‘म्हाका’ व आपली ‘माका’ ह्या दोहोंनाही शाळेच्या बाहेर बसविले. ज्या बोलीच्या जोरावर तो शिकवू शकला, त्या बोलीस त्याने शिक्षणात स्थान दिले नाही. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. त्या काळच्या सर्व प्राथमिक शिक्षणाची तीच समजूत होती, मालवणातही आणि पुण्यातही. तथापि ज्या प्रदेशात राज्यसत्ता परभाषिक होती तेथे ह्या समजुतीचा परिणाम अधिक दूरवर गेला, कारण तेथे मुलासमोर एक नव्हे तर दोन परक्या भाषा प्रतिष्ठेच्या आसनावर बसलेल्या होत्या.

परमुलखात शिकविण्यास जाणाऱ्याने तेथील जीवनाशी जुळवून घ्यावे, ही अपेक्षा सर्वत्र केली जाते. दक्षिण कोकणातील शिक्षकाने अन्न, माप, नाणे, सण आणि देऊळ ह्या बाबतींत ती पूर्ण केली. त्याच्यामुळे ज्या गावी सरकारने पाठ फिरविली होती तेथे मुले वाचावयास शिकली; मुठीने तांदूळ देणाऱ्या घरांना त्या तांदळाचा मोबदला मिळाला. भाषेच्या बाबतीत मात्र त्याने जुळवून घेतले ते फक्त स्वयंपाकघरात आणि जत्रेत, फळ्यासमोर नाही. गोमंतकातील भाषेचा प्रश्न समजून घेणाऱ्या अभ्यासकाने दरबारची कागदपत्रे आणि सभांतील भाषणे पाहावीच. परंतु त्याबरोबर देवळाच्या सभामंडपात दुपारी भरणारा तो वर्गही डोळ्यांपुढे आणावा. तेथे एक मनुष्य मनात ‘माका’ म्हणत होता, समोरचे मूल ‘म्हाका’ म्हणत होते, आणि पाटीवर दोघे मिळून ‘मला’ लिहीत होते.